स्पॅनिश रेड वाइन चाखताना: द्राक्ष, लाकूड आणि वर्षं

तुरट. हा शब्द आपल्या तोंडात लहानपणापासून आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट असे सहा रस पाठ करताना तो शेवटी यायचा आणि त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नसे. ओंजळभर जांभळं खाल्ली की जीभ जड व्हायची. न पिकलेला चिकू चावला की तोंडात मिठी बसायची. हिरड्याचा तुकडा चघळताना गाल आतून आवळल्यासारखे वाटायचे. स्पॅनिश रेड वाइन चाखायला शिकायची असेल तर निम्मी शिदोरी हीच आहे.

या तुरटपणामागच्या द्रव्यांना वाइनच्या जगात टॅनिन म्हणतात. ती द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि देठांतून येतात, शिवाय वाइन ज्या पिंपात मुरते त्या लाकडातूनही येतात. तोंडात गेल्यावर ती लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा निसरडेपणा कमी होतो आणि जीभ टाळूवर घासल्यासारखी वाटते. साखर न घातलेला, जास्त उकळलेला कोरा चहा पिऊन पाहा, हाच अनुभव येतो.

मग अडतं कुठे? पहिल्यांदा रेड वाइन पिणारा बहुतेक माणूस म्हणतो, "आंबट लागली, तुरट लागली, पुढे काही कळलं नाही." शेजारचा मात्र चेरी, व्हॅनिला, चामडं, तंबाखू अशी यादी वाचत असतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याच नाकात काहीतरी कमी आहे. नाकात काही कमी नसतं. त्या यादीला क्रम नसतो, ही खरी अडचण. मला उपयोगी पडलेली रीत इथे सांगते. ग्लासात जे जाणवतं ते तीन ठिकाणांहून आलेलं असतं: द्राक्षातून, लाकडातून आणि उलटलेल्या वर्षांतून. वास आला, चव लागली, की एवढंच विचारायचं: हे या तिघांपैकी कुणाचं?

हा प्रश्न सोडवायला शिकायचं तर मला स्पेनइतकी चांगली शाळा दुसरी दिसत नाही. फ्रान्समधल्या बोर्दोची नामांकित वाइन बहुधा तरुण असतानाच विकली जाते, ती दहा-पंधरा वर्षं सांभाळायचं काम विकत घेणाऱ्याचं. स्पेनमध्ये, विशेषतः रिओहा या प्रदेशात, वाट पाहण्याचं काम वाइन करणाऱ्यानेच करायचं अशी जुनी रीत आहे. बाटली दुकानात येते तेव्हाच ती पाच-सात वर्षांची झालेली असू शकते. आणि त्यातली किती वर्षं लाकडात, किती बाटलीत, याचे किमान आकडे नियमांनी बांधलेले आहेत. म्हणजे तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरं लेबलवरच मिळतात. आपण चाखायचं आणि पडताळून पाहायचं.

ग्लास हातात घेतल्यावर

ग्लास पोट फुगीर आणि तोंड थोडं आत वळलेलं असावं. तो एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, नाहीतर वास साठायला जागा उरत नाही. पांढरा कागद मागे धरून ग्लास तिरका करा आणि वाइनची कड पाहा. कड जांभळट असेल तर वाइन तरुण आहे. डाळिंबी, मग विटकरी, मग चहासारखी तपकिरी होत गेली असेल तर वय वाढलेलं आहे. ग्लासाच्या आतल्या बाजूने जे ओघळ उतरतात त्यांना स्पॅनिश लोक अश्रू म्हणतात. ते मुख्यतः अल्कोहोलचं प्रमाण सांगतात, वाइनच्या दर्जाबद्दल काहीच नाही.

आता न हलवता एकदा वास घ्या. मग ग्लास टेबलावर ठेवूनच गोल फिरवा आणि पुन्हा वास घ्या. फिरवल्यावर वाइनचा पातळ थर काचेवर पसरतो, तिथून अल्कोहोल उडतं आणि जाताना वास वर घेऊन येतं. दोन्ही वेळचा वास वेगळा लागला तर ते बरोबरच आहे. भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा ओल धरलेल्या कपाटाचा वास आला तर मात्र दोष बहुधा बुचाचा असतो. अशी बाटली परत करण्यात संकोच वाटू देऊ नये.

घोट घेताना बशीतल्या चहासारखा भुरका मारा. चारचौघांत हे अवघड वाटतं, पण वाइन चाखणारे व्यावसायिक नेमकं हेच करतात. भुरक्याबरोबर हवा आत जाते आणि तोंडातला वास घशाच्या मागून नाकात चढतो. सर्दी झाली की वरणभात बेचव लागतो तो याच वाटेवर अडथळा आल्यामुळे. मग चार गोष्टी एकेक करून तपासा. जबड्याच्या दोन्ही बाजूंनी लाळ सुटली का? तो आंबटपणा. हिरड्या आणि गाल आवळले का? तो तुरटपणा. घशात ऊब उतरली का? ते अल्कोहोल. आणि घोट पाण्यासारखा पातळ वाटला की दुधासारखा भरलेला? गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते हेही मनात मोजा. एका बैठकीत सहा-आठ वाइन चाखायच्या असतील तर गिळू नका, थुंका. स्पेनमधल्या कुठल्याही गंभीर बैठकीत थुंकायचं भांडं टेबलावर असतंच आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही.

तुरटपणाचा पोतही ओळखायचा. बारीक मैद्यासारखा आहे की रव्यासारखा खरखरीत? पिकलेल्या जांभळाचा आहे की कच्च्या चिकूचा? मला विचाराल तर रेड वाइन चाखण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. वास कुणीही अंदाजाने सांगू शकतं, पोत सांगायला मात्र तोंडाकडे खरंच लक्ष द्यावं लागतं.

द्राक्ष

स्पेनमध्ये रेड वाइनला लाल म्हणत नाहीत, 'विनो तिंतो' म्हणतात. तिंतो म्हणजे रंगवलेली. शब्द नेमका आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फिकट असतो, रस काढला तर तो जवळपास बिनरंगाचा निघतो. रंग असतो सालीत. म्हणून रेड वाइन करताना रस सालींसकट आंबवतात आणि साल आपला रंग आणि तुरटपणा दोन्ही रसाला देते.

तिथलं सगळ्यात महत्त्वाचं काळं द्राक्ष म्हणजे तेम्प्रानियो. 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर. हे द्राक्ष इतरांच्या आधी पिकतं म्हणून हे नाव. (आपल्याला हे उच्चार सोपे जातात. स्पॅनिशमधला 'त' आपल्या 'त'सारखाच दातांवर जीभ टेकवून म्हणतात.) गाव बदललं की त्याचं नाव बदलतं. रिबेरा देल दुएरोत ते तिंतो फिनो, तोरोत तिंता दे तोरो, ला मांचात सेन्सिबेल, कातालोनियात उल दे येब्रे, म्हणजे सशाचा डोळा. लेबलवर यातलं कुठलंही नाव दिसलं तरी द्राक्ष एकच.

तेम्प्रानियोचा स्वतःचा वास लाल चेरीचा, आलुबुखाराचा आणि थोडा सुक्या तंबाखूच्या पानाचा. आंबटपणा बेताचा, तुरटपणा मध्यम. त्याचं मोठेपण असं की ते लाकडाला आणि काळाला विरोध करत नाही, दोघांनाही सामावून घेतं.

एकच द्राक्ष दोन जागी किती वेगळं होतं, हे रिओहा आणि रिबेरा शेजारी ठेवून कळतं. रिओहा एब्रो नदीच्या खोऱ्यात आहे. उत्तरेला सिएर्रा दे कान्ताब्रियाची डोंगररांग उभी आहे आणि अटलांटिकवरून येणारे ओले वारे ती अडवते. सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या पर्जन्यछायेतल्या गावांना हे चित्र अनोळखी नाही. इथली तेम्प्रानियो मवाळ असते, तिच्यात अनेकदा दुसरी दोन काळी द्राक्षं थोडी मिसळतात: गार्नाचा भरदारपणासाठी आणि ग्रासिआनो आंबटपणासाठी व वासासाठी. रिबेरा देल दुएरो मात्र कास्तियाच्या पठारावर, बरेचसे मळे समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्याही वर. तिथल्या हवेबद्दल कास्तियात म्हण आहे: नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक. उन्हाळ्यात दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा. दिवसाच्या उन्हाने साखर आणि रंग भरतो. रात्री गार असली की वेल मण्यातलं आम्ल कमी खर्च करते, त्यामुळे आंबटपणा टिकतो. साल जाड होते. परिणामी रिबेराची वाइन काळपट, दाट आणि हिरड्यांवर ठामपणे बसणारी. रिओहात लाल चेरी असेल तर इथे काळं जांभूळ.

नाशिकजवळ दिंडोरी भागातही तेम्प्रानियोची लागवड झालेली आहे, पण तिथली वेल वेगळं आयुष्य जगते. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पावसाळ्यानंतर गोडी छाटणी आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. रिओहात वेल थंडीत उघडी-बोडकी झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. जुन्या मळ्यांत मांडव नाही की तारा नाहीत, वेल एकेका झुडपासारखी जमिनीलगत उभी. द्राक्षबागायतदाराच्या घरातून कुणी तिथे गेलं तर पहिला प्रश्न हाच पडेल की एवढ्या बुटक्या वेलीवर घड येतात तरी किती. कमी येतात, आणि तेच हवं असतं.

गार्नाचाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. साल पातळ, रंग फिकट, साखर भरपूर, म्हणून अल्कोहोल सहज १४.५ ते १५ टक्क्यांवर जातं. अनेक वर्षं तिला मिसळण्यापुरतं, स्वस्त द्राक्ष समजत. कातालोनियातल्या प्रिओरातने हे चित्र बदललं. तिथे १२व्या शतकात कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी स्काला देई हा मठ वसवला आणि द्राक्षं लावली. विसाव्या शतकात तो डोंगराळ भाग जवळजवळ ओस पडला होता. १९८०च्या दशकाच्या शेवटी रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस आणि त्यांच्यासारखे वाइन करणारे काही जण ग्रातायोप्स या गावात आले, त्यांनी जुन्या वेली पुन्हा हाती घेतल्या, आणि १९८९च्या वाइननी जगाचं लक्ष वेधलं. तिथली जमीन म्हणजे काळसर, चमकणारी, पापुद्र्यांची पाटीच्या दगडाची फोड, स्थानिक नाव यिकोरेया. पाणी टिकत नाही, म्हणून मुळं भेगांतून खोल जातात. एका वेलीवर घड मोजके. गार्नाचा आणि कारिन्येना या दोन द्राक्षांची ही वाइन दाट, उष्ण आणि मागे दगडावर पाणी शिंपडल्यासारखा वास ठेवणारी. पुढे माद्रिदच्या पश्चिमेला ग्रेदोसच्या उंच डोंगरांतल्या गार्नाचाने आणखी एक रूप दाखवलं: फिकट, सुगंधी, जवळपास गुलाबाच्या अंगाची. दोन्ही ग्लास शेजारी ठेवले तर एकच द्राक्ष आहे यावर विश्वास बसत नाही.

मोनास्त्रेल हे आग्नेय स्पेनचं, हुमिया आणि येक्ला भागातलं, रखरखीत उन्हातलं द्राक्ष. काळं, जाड, सुक्या अंजिरासारखं गोडसर आणि रानवट. मेन्सिआ वायव्येचं. बिएर्सोत आणि रिबेइरा साक्राच्या नदीकाठच्या खड्या उतारांवर ती होते, आणि ती हलकी, आंबटगोड, ओल्या पानांच्या वासाची असते. रेड वाइन जड वाटते म्हणणाऱ्याला मी आधी मेन्सिआ द्यायला सांगेन.

लाकूड

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रिओहात मार्केस दे मुर्रिएता आणि मार्केस दे रिस्काल या घराण्यांनी बोर्दोची पद्धत आणली: वाइन ओकच्या लहान पिंपांत मुरवायची. मग फ्रान्सवर फिलोक्सेरा आला. माव्याच्या जातकुळीतला हा किडा वेलीची मुळं शोषतो. त्याने फ्रान्सचे मळे उजाड केले आणि बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात पिरेनीज पर्वत ओलांडून खाली उतरले. रिओहातल्या आरो गावात १८६३ मध्ये रेल्वे पोहोचली होती. त्या स्टेशनच्या आजूबाजूलाच वाइनघरं उभी राहिली: १८७७ मध्ये लोपेस दे एरेदिया, १८७९ मध्ये कूने, १८९० मध्ये ला रिओहा आल्ता. ती आजही तिथेच आहेत, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. शतक उलटताना फिलोक्सेरा रिओहातही शिरला. उपाय तोपर्यंत सापडलेला होता: अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचं कलम. आपले द्राक्ष बागायतदार आज खुंटावर कलम बांधतात त्यामागे ही कहाणीही आहे.

पिंप फ्रेंच पद्धतीचं आलं, २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्यांचं. लाकूड मात्र रिओहाने अमेरिकन ओकचं पसंत केलं. अटलांटिकपलीकडे स्पेनचा व्यापार जुना होता आणि ते लाकूड स्वस्तात मिळत होतं. या एका व्यावहारिक निर्णयाने रिओहाचा वास ठरला. अमेरिकन ओक व्हॅनिला देतं, खोबऱ्याचा वास देतं, आणि कधीकधी अगदी स्पष्ट शेपूचा. पहिल्यांदा हे वाचणाऱ्याला शेपू ऐकून नवल वाटेल, पण जुन्या पद्धतीच्या रिओहाच्या ग्लासात नाक घालून शेपू आठवा, सापडेल. फ्रेंच ओक वेगळं: लवंग, थोडं जायफळ, टोक काढलेल्या पेन्सिलीची सोलपटं. आतून पिंप भाजलेलं असतं, म्हणून कॉफीचा आणि धुराचा वासही मिसळतो.

हे सगळे वास लाकडाचे, द्राक्षाचे नव्हेत. व्हॅनिला आलं की लगेच "किती छान द्राक्षं!" म्हणू नये.

पिंप वास देतं ते नवं असताना. चार-पाच वर्षं वापरलं की त्याच्याकडे द्यायला फारसा वास उरत नाही, मग ते दुसरं काम करतं. लाकडातून आणि फळ्यांच्या सांध्यांतून अगदी थोडी हवा आत झिरपत राहते. या हवेने टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात, रंग स्थिरावतो आणि तुरटपणाची धार बोथट होते. दर काही महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढतात म्हणजे तळाचा गाळ मागे राहतो. जुन्या घरांत हे काम अजून हातानेच चालतं: मेणबत्ती धारेमागे धरायची आणि गढूळ थेंब दिसला की धार थांबवायची. मूगा हे आरोमधलं घर वाइन नितळ करायला आजही अंड्याचा ताजा पांढरा बलक वापरतं. बलक टॅनिनला धरून तळाशी बसतो. लाळेच्या प्रथिनांबद्दल सुरुवातीला जे सांगितलं तेच रसायन इथे पिंपात घडतं.

आता लेबल. 'होवेन' म्हणजे तरुण, लाकूड नाही किंवा नावापुरतं. 'क्रिआन्सा' म्हणजे संगोपन, मूल वाढवणं या अर्थाने. रिओहात क्रिआन्सा किमान दोन वर्षांची असते आणि त्यातलं किमान एक वर्ष पिंपात. 'रेसेर्वा' किमान तीन वर्षांची, त्यात एक वर्ष पिंपात आणि निदान सहा महिने बाटलीत. 'ग्रान रेसेर्वा' किमान पाच वर्षांची, दोन वर्षं पिंपात, दोन वर्षं बाटलीत. देशभराचे नियम थोडे सैल आहेत, क्रिआन्साला पिंपातले सहा महिने पुरतात. रिओहाच्या बाटलीच्या मागे रंगीत शिक्काही असतो: साधी वाइन हिरवा, क्रिआन्सा लाल, रेसेर्वा गडद किरमिजी, ग्रान रेसेर्वा निळा. दुकानात चष्मा विसरलात तरी कळेल.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. ही नावं काळ सांगतात, गुणवत्तेची हमी देत नाहीत. सुमार द्राक्षांना पाच वर्षं कोंडून ठेवलं तर थकलेली सुमार वाइन मिळते. म्हणूनच अनेक उत्तम वाइन करणारे ही नावं लेबलवर लावतच नाहीत, आणि रिओहाने २०१७ मध्ये जुन्या, एकेका ओळखीच्या मळ्यासाठी 'विन्येदो सिंगुलार' अशी वेगळी मान्यता सुरू केली. पैशाचं चीज कुठे होतं असं विचाराल तर माझं उत्तर चांगल्या घराची क्रिआन्सा. द्राक्ष अजून जिवंत असतं, लाकूड बोलू लागलेलं असतं.

वर्षं

तिसरं सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. लोणचं घातल्यावर पहिल्या आठवड्यात मोहरी वेगळी लागते, मीठ वेगळं, कैरी वेगळी. सहा महिन्यांनी मुरल्यावर त्यातलं काहीच वेगळं काढता येत नाही. वाइन मुरताना तेच होतं, फक्त अंधाऱ्या तळघरात आणि वर्षानुवर्षं. ताजं फळ हळूहळू सुकं होतं: चेरीची सुकी अंजिरं, मनुका. मग असे वास येऊ लागतात जे ना द्राक्षात होते ना लाकडात: जुनं चामडं, तंबाखूचा डबा, पावसाळ्यातली अळंबी, वाळलेली संत्र्याची साल, चहाची पत्ती. रंग विटकरी होतो कारण रंगद्रव्यं टॅनिनशी जोडली जाऊन काही तळाशी बसतात. बाटलीच्या तळाशी दिसणारा गाळ तो हाच. आणि तोंडात, जिथे कच्चा चिकू होता तिथे रेशीम.

लोपेस दे एरेदियाच्या तळघरांत कोळ्यांची जाळी मुद्दाम राहू देतात, कारण कोळी बुचं पोखरणारे पतंग खातात. त्यांची ग्रान रेसेर्वा नियमाने लागतात त्याहून कितीतरी अधिक वर्षं थांबून बाजारात येते. रिबेरात १८६४ मध्ये सुरू झालेलं बेगा सिसिलिया हे घर आपली 'ऊनिको' ही वाइन तोडणीनंतर सुमारे दहा वर्षांनी विकायला काढतं. ही वाइन घेणं बहुतेकांच्या आवाक्यात नाही, माझ्याही नाही. पण रिओहाच्या चांगल्या वर्षांतली, म्हणजे २००१, २००४ किंवा २०१०ची एखादी साधी ग्रान रेसेर्वा मित्रांनी वर्गणी काढून घ्यावी इतपत असते. ती आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ खाली बसेल. दुसऱ्या भांड्यात ओतून तासभर ताटकळत ठेवू नका, जुन्या वाइनचा वास नाजूक असतो आणि उडून जातो. तासभर हवा लागते ती तरुण रिबेराला.

एक संध्याकाळ

चार-पाच जण जमा आणि तीनच बाटल्या घ्या: रिओहाची होवेन, क्रिआन्सा आणि रेसेर्वा, शक्यतो एकाच घराच्या. प्रत्येकी ५० मिलिलिटर पुरे. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, क्रम एकालाच माहीत असू द्या. होवेनमध्ये नुसतं द्राक्ष शोधा. क्रिआन्सात त्याशिवाय नवीन काय आलं ते लिहा, ते लाकूड. रेसेर्वात काय हरवलं आणि त्याजागी काय आलं ते लिहा, ते वर्षांचं काम. शब्द स्वतःचे वापरा. कुणाला देवघरातल्या सहाणेचा वास आला, कुणाला आजीच्या ट्रंकेचा, तर तेच लिहावं. दुसऱ्या खेपेला रिओहा क्रिआन्सा, रिबेरा क्रिआन्सा आणि प्रिओरात अशी मांडणी करा, म्हणजे लाकूड आणि काळ साधारण सारखे राहतात आणि द्राक्ष व जमीन बोलतात.

तापमान हा आपल्याकडचा मोठा घोटाळा. रेड वाइन 'रूम टेम्परेचर'ला प्यावी हे थंड दगडी घरांचं सांगणं आहे. मुंबईतल्या ३० अंशांच्या खोलीत अल्कोहोल नाकात झोंबतं आणि फळ विरघळून जातं. १६ ते १८ अंश हवेत. बाटली तेवढी गार होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. मेन्सिआ आणि हलकी गार्नाचा आणखी दोन-तीन अंश थंड चालते.

सोबत खायला काय? तिथे रिओहात कोकराच्या बरगड्या द्राक्षवेलीच्या छाटणीच्या काटक्यांवर भाजतात, आणि रिबेरातल्या आरांदा दे दुएरोत दूधपित्या कोकराचं मांस लाकडाच्या भट्टीत भाजलेलं असतं. कारण साधं आहे: चरबी आणि प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, मीठ तुरटपणा मऊ करतं. तिखट मात्र उलटं करतं. मिरचीची आग अल्कोहोलने भडकते आणि टॅनिन त्यात कडूपणा घालतं. म्हणून झणझणीत रश्शासोबत रिबेरा घेऊ नका, दोघांचंही नुकसान होतं. भाजलेल्या वांग्याचं कमी तिखट भरीत किंवा आळणी मटणाचं सूप घ्या, सोबत क्रिआन्सा.

बैठक संपल्यावर ग्लास लगेच धुऊ नका. झाकून न ठेवता रात्रभर तसेच राहू द्या आणि सकाळी एकेकात नाक घालून पाहा. होवेनच्या ग्लासात फारसं काही उरलेलं नसतं, फार तर थोडा आंबूस वास. क्रिआन्साच्या ग्लासात मात्र फळ निघून गेल्यावर खोबरं आणि व्हॅनिला एकटंच बसलेलं सापडतं, आदल्या रात्री चेरीच्या मागे लपलं होतं ते. रेसेर्वाचा ग्लास सगळ्यात शेवटी उचला.